समालोचकालाच हसू फुटतं तेव्हा

सुट्टीत आलेल्या भाच्याने परवा टीव्हीसमोर बसल्या बसल्या विचारलं, "मामा, हे सगळं आधीच ठरलेलं असतं, तर तो कॉमेंट्रीवाला एवढा बोंबलतो कशाला? त्याला माहीत नसतं का?"

मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातल्या खुर्चीतून आबा म्हणाले, "नुरा आहे रे ती. बंद कर."

आबांचं आयुष्य कुस्तीची मैदानं बघण्यात गेलं, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. पोराचा प्रश्न मात्र रास्त होता आणि तो आत्ताच पडावा याला कारणही होतं. एप्रिल २०२५ पासून भारतात डब्ल्यूडब्ल्यूईचे, म्हणजे ठरवून खेळल्या जाणाऱ्या कुस्तीचा खेळ दाखवणाऱ्या अमेरिकन कंपनीचे, कार्यक्रम नेटफ्लिक्सवर दिसू लागले. त्याच वर्षी जुलैत तिथेच 'डब्ल्यूडब्ल्यूई: अनरिअल' नावाची मालिका आली आणि तिने थेट लेखकांची खोली दाखवली. टेबलाभोवती माणसं बसलीत आणि कोण जिंकणार, कोण कुणाला दगा देणार यावर वाद घालताहेत. थोडक्यात, भाच्याने पंगत आणि मुदपाकखाना दोन्ही एकाच पडद्यावर बघितलं. जगभरच्या बऱ्याच चाहत्यांना हे रुचलं नाही. घरातली भांडी चव्हाट्यावर मांडल्यासारखं वाटलं त्यांना.

मला मात्र ही ओरड ऐकताना एक जुना कार्यक्रम आठवत राहिला. २०१२-१३ च्या सुमारास डब्ल्यूडब्ल्यूईच्याच यूट्यूब चॅनलवर एक विनोदी वेब मालिका सुरू झाली: 'द जेबीएल अँड कोल शो'. ती चालवणारे दोघे म्हणजे ज्यांनी कधीच हसायचं नसतं असे दोन समालोचक. सुमारे अडीच वर्षं दर आठवड्याला त्यांनी आपल्याच धंद्याची यथेच्छ टवाळी केली आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. ते का बिघडलं नाही, हे कळलं की भाच्याच्या प्रश्नाचं उत्तरही सापडतं.

नुरा आणि केफेब

आबांचा शब्द आधी घेऊ. दोन पैलवान आतून ठरवून लढले की ती नुरा कुस्ती. आपल्याकडच्या मैदानात नुरा म्हणजे शिवी. लोक ओरडतात, पंच जोड सोडवतात, इनाम जातं आणि पैलवानाचं नाव जातं ते वेगळंच. कारण तिकीट निकाली कुस्तीचं काढलेलं असतं आणि मिळतं नाटक.

अमेरिकेत या नुराचाच शंभरेक वर्षांत एक स्वतंत्र प्रयोग झाला. तिथे प्रेक्षक येतो तो गोष्ट बघायला: सज्जन, दुर्जन, अपमान, सूड, विजेत्याचा पट्टा. निकाल ठरलेला, बऱ्याच हालचाली ठरलेल्या. फरक एवढाच की पूर्वी हे कबूल करायचं नाही असा दंडक होता. त्या दंडकाला तिथल्या कुस्तीवाल्यांच्या बोलीत 'केफेब' म्हणतात. फिरत्या जत्रांमधल्या सांकेतिक भाषेतून आलेला शब्द आहे असं सांगतात. या लेखात एवढा एकच परका शब्द लक्षात ठेवा. केफेब म्हणजे घेतलेलं सोंग आखाड्याबाहेरही न उतरवण्याची शपथ.

ही शपथ किती कडक होती? डिसेंबर १९८४ मध्ये जॉन स्टॉसेल नावाच्या टीव्ही पत्रकाराने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेव्हिड शुल्ट्झ या पैलवानाला तोंडावर सांगितलं की मला हे सगळं बनावट वाटतं. शुल्ट्झने त्याच्या कानाखाली आधी एक ठेवून दिली, मग दुसऱ्या बाजूला दुसरी. १९८७ मध्ये न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी अडवली. आत अमली पदार्थ होते. पण कुस्तीच्या जगात जास्त बोभाटा झाला तो गाडीत कोण बसलं होतं याचा. आखाड्यात एकमेकांचे हाडवैरी असलेले 'हॅकसॉ' जिम डगन आणि आयर्न शीक एकाच गाडीतून मजेत चालले होते. अमेरिकेचा झेंडा नाचवणारा आणि अमेरिकेला शिव्या घालणारा, दोघे शेजारी शेजारी! दोघांनाही कंपनीने घरी पाठवलं.

आपल्या कोकणातल्या दशावतारी नटाबद्दल म्हणतात ना, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. केफेबची अट अशी की बोजा उचलतानाही राजासारखंच चालायचं.

मग ही शपथ मोडली कुणी? खुद्द मालकांनी. १९८९ मध्ये कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटला सांगून टाकलं की आमचं हे मनोरंजन आहे, खेळ नव्हे. खेळ म्हटलं की सरकारी क्रीडा मंडळाची देखरेख आली, शुल्क आलं, कर आला. पैसे वाचवायचे म्हणून गुपित सांगितलं. एवढी मोठी कबुली दिल्यावर लोकांनी पाठ फिरवायला हवी होती. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी हाच धंदा पूर्वी कधी नव्हता एवढा फोफावला. शाळेत आम्ही त्याची पत्ती जमवत होतो, उंची-वजनावरून भांडत होतो, ते याच काळात. गुपित आधीच फुटलेलं होतं हे आम्हाला कुठे ठाऊक.

समालोचकाचं खरं काम

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात, शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या खोलगट आखाड्याभोवती बसून कधी कुस्ती पाहिली असेल तर लाउडस्पीकरवरचा निवेदक आठवेल. जोड सुटली की तो सांगत जातो: हा अमक्या तालमीचा, तमक्या वस्तादाचा पठ्ठा, गेल्या जत्रेत याने अमक्याला घिस्सा मारून अस्मान दाखवलं. मध्येच कुणीतरी इनाम जाहीर करतं, तो ते पुकारतो. लांबून दोन मातीने माखलेले देह दिसत असतात, त्यांना नाव, गाव, इभ्रत हा माणूस देतो. फक्त कोण चितपट होणार हे त्यालाही माहीत नसतं.

डब्ल्यूडब्ल्यूईच्या समालोचकाचं कामही हेच, पण उलट्या बाजूने. गोष्ट कुठे निघाली आहे याचा त्याला बराचसा अंदाज असतो आणि काहीच माहीत नसल्यासारखा धक्का बसवून घ्यायचा असतो. जोडीतला एक जण काय घडतंय ते सांगतो. दुसरा मत देतो, आणि बहुतेकदा हा दुसरा खलनायकाचा वकील असतो. ऐंशीच्या दशकात गोरिला मॉन्सून आणि बॉबी हीनन ही जोडी गाजली. दुर्जनाने पंचाच्या पाठीमागे खुर्ची घातली की मॉन्सून चिडायचा आणि हीनन निरागसपणे म्हणायचा की मी तर काही पाहिलंच नाही. घरी बसलेला माणूस हीननवर खवळायचा आणि खवळलेला माणूस चॅनल बदलत नाही. क्रिकेटच्या सामन्यात शेजारचे काका मुद्दाम समोरच्या संघाची बाजू घेऊन आपल्याला छळतात, तोच प्रकार. फक्त हीननला त्याचा पगार होता.

वर एक वेगळाच जाच असतो. समालोचकाच्या कानात हेडसेट असतो आणि त्यातून सूचना येत राहतात. वर्षानुवर्षं त्या सूचना खुद्द मालक विन्स मॅकमॅहन देत असत. आत्ता याचं नाव घे, आता जाहिरात वाच, हा शब्द वापरू नकोस. 'बेल्ट' म्हणायचं नाही, 'चॅम्पियनशिप' म्हणायचं. पैलवानाला 'रेसलर' नाही, 'सुपरस्टार' म्हणायचं. जखमी माणसाला 'हॉस्पिटल'मध्ये न्यायचं नाही, 'स्थानिक वैद्यकीय सुविधे'त न्यायचं. कानात मालक, डोळ्यांपुढे मॉनिटर, हातात कागद आणि चेहऱ्यावर आश्चर्य. यातलं सगळ्यात अवघड आश्चर्यच असावं.

आता भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हातात येतं. समालोचक बोंबलतो कारण आखाड्याबाहेर बसलेला असला तरी तोही त्या गोष्टीतलं एक पात्र आहे. शिवाय आपल्या बाजूने बसलेलं एकमेव पात्र. त्याने धक्का घेतला तरच आपल्याला घ्यायची मुभा मिळते.

हे दोघे कोण होते

मायकल कोल मूळचा रेडिओ पत्रकार. खरं नाव शॉन कूल्टहार्ड. सीबीएस रेडिओसाठी त्याने १९८८ ची अध्यक्षीय प्रचारमोहीम, १९९३ चा टेक्सासातला वेको वेढा, युगोस्लाव्हियातलं यादवी युद्ध अशा बातम्या दिल्या. १९९७ मध्ये तो कुस्तीत आला. युद्धावरून थेट लंगोटीच्या लढतीकडे! पण आवाज सरावलेला आणि वेळेचं भान पक्कं, त्यामुळे टिकला.

जेबीएल म्हणजे जॉन ब्रॅडशॉ लेफिल्ड. टेक्सासचा धिप्पाड गडी, आधी अमेरिकन फुटबॉल, मग कुस्ती. २००४ मध्ये त्याने उर्मट कोट्यधीशाचं सोंग घेतलं: पांढरी हॅट आणि पुढे बैलाची शिंगं लावलेली पांढरी लिमोझिन. त्याच वर्षी एडी गरेरोला हरवून त्याने मुख्य किताब घेतला आणि २८० दिवस धरून ठेवला. रेसलमेनिया या कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाच्या २१ व्या वेळी जॉन सीनाने तो काढून घेतला. गंमत अशी की पैशाचं त्याला खरोखरच कळायचं, तो टीव्हीवर शेअर बाजारावर बोलायचा. २००९ मध्ये रे मिस्टेरिओकडून २१ सेकंदांत हरून त्याने निवृत्ती घेतली. हरण्यातही विनोद करता येतो याचा हा नमुना.

यूट्यूबवरच्या त्या मालिकेची खरी पूर्वपीठिका मात्र आधीच्या दोन वर्षांत आहे. २०१० च्या जूनपासून कंपनीने कोलला खलनायक केलं. दर सोमवारच्या रॉ या मुख्य कार्यक्रमाचा कथेतला महाव्यवस्थापक अज्ञात होता आणि तो ईमेल पाठवायचा. लॅपटॉप वाजला की कोल उठायचा, हुकूम जसाच्या तसा वाचून दाखवायचा आणि अख्खं स्टेडियम त्याला शिव्या घालायचं. पुढे तर त्याला संरक्षणासाठी काचेची पेटी करून दिली आणि तो तिच्यात बसून समालोचन करू लागला. एप्रिल २०११ मध्ये रेसलमेनिया २७ ला त्याची आपल्याच शेजारी बसणाऱ्या जेरी लॉलरशी लढत लावली. लॉलरने त्याला धुतला आणि लगेच ईमेल आला: निकाल रद्द, कोल विजयी! असला सरकारी कारभार बघून हसावं की रडावं तेच कळत नव्हतं.

माँट्रियलची ती रात्र

१० सप्टेंबर २०१२. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये रॉ थेट सुरू होतं. जेरी लॉलर त्या संध्याकाळी एक लढत स्वतः खेळून आला आणि समालोचनाच्या टेबलावर कोलशेजारी बसला. पुढच्या एका लढतीच्या मध्येच त्याचा आवाज बंद झाला. कोलही गप्प झाला. आखाड्यात पैलवान लढत राहिले, पण वर नेहमीचा आरडाओरडा नाही. ज्या कार्यक्रमात एक क्षणही मोकळा सोडत नाहीत तिथे नुसता गर्दीचा गलका ऐकू येत होता. लॉलरचं हृदय बंद पडलं होतं आणि डॉक्टर टेबलामागे धडपडत होते.

काही वेळाने कोल कॅमेऱ्यासमोर आला. डोळे ओले, आवाज सपाट. त्याने सांगितलं की हा आजच्या मनोरंजनाचा भाग नाही, हे खरोखरचं आयुष्य आहे. उरलेल्या कार्यक्रमात समालोचन झालं नाही. तो अधूनमधून येऊन लॉलरच्या तब्येतीची खबर देत राहिला, पूर्वी रेडिओवर द्यायचा तशी.

दोन वर्षं ज्याला लोक काचेच्या पेटीत शिव्या देत होते, त्याचं त्या रात्री सगळीकडे कौतुक झालं. आणि एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली: त्याच्या त्या एका वाक्यावर कुणी शंका घेतली नाही. खोटं बोलण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने 'हे खरं आहे' म्हटलं आणि लाखो लोकांनी ते तत्काळ मानलं.

लॉलर वाचला. नोव्हेंबरात तो परत आला त्याच रात्री कथेतल्या खलनायकांनी त्याच्या झटक्याची आखाड्यात नक्कल केली. होय, त्याच आजाराची. मला तेव्हाही ते खटकलं होतं आणि आजही खटकतं. पण हा धंदा असाच आहे: खरं सापडलं की लगेच गोष्टीत ओततो.

दरम्यान लॉलरच्या रिकाम्या खुर्चीवर काही आठवडे जेबीएल येऊन बसला. कोलच्या शेजारी. तिथून जोडी जमली.

मग यूट्यूबवर नेमकं काय चालायचं?

फारसं काहीच नाही, आणि गंमत त्यातच होती. छोटे भाग, स्टेडियमच्या मागच्या बाजूचे बोळ, हाताशी असेल तो कॅमेरा. जेबीएल हॅट घालून बढाया मारतोय, कोल वैतागतोय. येता-जाता सापडलेला पैलवान मध्येच ओढला जातोय. मुलाखतकार रेने यंग आहे, तिच्या चेहऱ्यावर 'मी या दोघांत कुठे सापडले' असा भाव. सोंगं तद्दन, विग त्याहून तद्दन. मुख्य कार्यक्रमातल्या ज्या गोष्टी लोक घरी बसून चेष्टेवारी न्यायचे, त्याच हे दोघे आधी न्यायचे.

जेबीएलचा टेक्सासी उच्चार हा तर कायमचा खेळ. 'मायकल' हे नाव त्याच्या तोंडून 'मॅगल' असं बाहेर पडायचं. चाहत्यांनी ते इतकं उचललं की आजही कोलला इंटरनेटवर 'मॅगल' म्हणणारे आहेत. पुढे मालिकेचं नावच बदलून 'द जेबीएल (नॉट कोल) शो' करण्यात आलं. म्हणजे पाटीवरूनच कोलला हाकललं. २०१५ मध्ये ती बंद झाली.

हा प्रकार कशासारखा आहे ते सांगायला परदेशात जायला नको. तमाशाच्या वगात दरबार भरलेला असतो. राजा सिंहासनावर, प्रधान समोर. आणि सोंगाड्या मध्येच राजाला विचारतो की महाराज, तुमच्या राज्यात एसटी वेळेवर का येत नाही? प्रेक्षक खो खो हसतात. राजाही मिशीतल्या मिशीत हसतो. दोन मिनिटांनी त्याच राजाची राणी पळवली जाते आणि तेच प्रेक्षक हळहळतात. सोंगाड्याने राज्य बुडवलं असं कुणी म्हणत नाही. जेबीएल आणि कोल म्हणजे मुख्य वगात राजा-प्रधान आणि यूट्यूबवर सोंगाड्या-हवालदार, एवढं लक्षात घेतलं की झालं.

कंपनीने स्वतःचीच टिंगल का चालू दिली?

हिशेब साधा होता. २०११ मध्ये झॅक रायडर नावाच्या, टीव्हीवर फारसं काम न मिळणाऱ्या एका पैलवानाने स्वतःच्या खर्चाने यूट्यूबवर विनोदी भाग टाकायला सुरुवात केली. पोरांना तो इतका आवडला की स्टेडियममध्ये भलत्याच लढतीत त्याच्या नावाचा घोष होऊ लागला. डिसेंबर २०११ मध्ये कंपनीला त्याला युनायटेड स्टेट्स किताब द्यावा लागला. कंपनीच्या ध्यानात आलं की लोक हसण्यासाठी आपल्या दाराबाहेर जमताहेत, तर दार आपणच उघडावं.

२०१२ मध्ये 'आर यू सिरियस?' आली. त्यात समालोचक जॉश मॅथ्यूज आणि माजी पैलवान रोड डॉग जुन्या चित्रफितींतले वेडपट प्रसंग लावून त्यांची खिल्ली उडवायचे आणि सोबत कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याचा, म्हणजे ट्रिपल एचचा, बाहुला असायचा. साहेबावर हसायचं, पण बाहुल्याच्या आडून. ही युक्ती आपल्याकडे बोलक्या बाहुल्या करणाऱ्यांना कुणी शिकवायला नको.

जेबीएल आणि कोल या वाटेवरचे पुढचे. खर्च किरकोळ, माणसं आधीच दौऱ्यावर असलेली, आणि मुख्य कार्यक्रमात ज्यांना दोन मिनिटं मिळत नाहीत अशा पैलवानांना तोंड दाखवायला जागा.

पण हसल्यावर सोमवारी विश्वास कसा बसणार?

ही पहिली शंका, आणि जुन्या खोडांची सगळ्यात आवडती. केफेब म्हणजे काच, एकदा तडा गेला की गेला, असं त्यांना वाटतं. मला ती ओल्या मातीच्या आखाड्यासारखी वाटते. दर वेळी उकरतात, तेल-ताक-हळद घालून पुन्हा सारखी करतात. दोन ठिकाणी दोन वेगळे नियम असतात हे माणसाला शिकवावं लागत नाही. चार वर्षांची पोरगी भातुकलीचा रिकामा कप ओठाला लावते आणि 'गरम आहे' म्हणते. तिला आईने खरा चहा दिला तर ती गोंधळत नाही.

उलट मला वाटतं, यूट्यूबवरच्या त्या थट्टेने कोलचा फायदाच केला. काचेच्या पेटीतला कोल इतका चिडका होता की त्याच्या तोंडून नायकाचं कौतुक आलं तरी पटेना. माँट्रियलने त्याचं माणूसपण दाखवलं आणि या मालिकेने ते रोजच्या वापरात आणलं. स्वतःवर हसू देणाऱ्या माणसाने पुढे आवाज चढवला की तो जास्त खरा वाटतो. आज रॉच्या टेबलावर तोच मुख्य आवाज आहे, उगाच नाही.

थट्टा कधी अंगलट येते?

येते. आणि नेमकी तिथेच येते जिथे बघणाऱ्याला आपण कुठल्या नियमात बसलोय ते कळत नाही. २०१७ मध्ये कंपनीच्या दुसऱ्या एका गप्पांच्या कार्यक्रमात जेबीएलने सहसमालोचक मॉरो रनॅलोला टोमणे मारले. रनॅलोने आपल्या मानसिक आजाराबद्दल उघडपणे बोललेलं होतं. त्याच सुमारास तो टीव्हीवरून दिसेनासा झाला आणि जेबीएलवर दादागिरीचे आरोप होऊ लागले. पुढे रनॅलोने कंपनी सोडली, आणि आपल्या जाण्याचा जेबीएलशी संबंध नाही असं निवेदन दिलं. खरं-खोटं त्यांना माहीत. पण प्रेक्षक म्हणून तेव्हा आमची जी पंचाईत झाली ती विसरता येत नाही. हा टोमणा सोंगातला की मनातला? सोंगाड्या रंगमंचावर प्रधानाला धपाटा घालतो तेव्हा आपण हसतो. तोच धपाटा मागे, रंगपटात, ऐकू आला तर?

'जेबीएल अँड कोल'मध्ये हा घोळ सहसा होत नसे, कारण जेबीएल जितका कोलला हाणायचा तितकाच स्वतः माकड व्हायचा. पडदाभर मूर्खपणा असला की कुणा एकावर तो येत नाही.

ठरलेलं आहे, म्हणजे सगळंच खोटं?

आबांची शंका. निकाल ठरलेला असतो, पडणं ठरवता येतं, पण पृथ्वीचं ओढणं कुणाच्या कथेत बसत नाही. जून १९९८ मध्ये पिट्सबर्गमध्ये मिक फोली या पैलवानाला अंडरटेकरने लोखंडी पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली ढकललं. सोळाएक फुटांवरून तो समालोचकांच्याच टेबलावर आदळला. ते फेकणं ठरलेलं होतं. थोड्या वेळाने तो पुन्हा वर चढला आणि या वेळी पिंजऱ्याचं छतच निसटून तो आत आखाड्यात कोसळला. हे ठरलेलं नव्हतं. त्या रात्री समालोचक जिम रॉसचा आवाज ऐका. शब्द कुस्तीचेच आहेत, पण आत भीती आहे. थांबवा हे, अशी याचना आहे.

म्हणजे समालोचकाच्या आरोळीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: पगारी आश्चर्य आणि बिनपगारी काळजी. कुठली किती, हे त्यालाही त्या क्षणी सांगता येत नसावं.

आणि मग ही वाट कुठवर गेली

या छोट्या विनोदी मालिकांना कुणी फार मोजलं नाही. पण २०१६ मध्ये यंग बक्स या भावांच्या जोडीने 'बीइंग द एलिट' नावाची अशीच यूट्यूब मालिका सुरू केली. प्रवास, टवाळक्या, अर्ध्या खऱ्या अर्ध्या रचलेल्या कुरबुरी. त्यातून जमलेल्या प्रेक्षकांच्या बळावर १ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांनी आणि मित्रांनी शिकागोजवळ 'ऑल इन' नावाचा कार्यक्रम केला. दहा हजारांहून अधिक लोक आले, कुठल्याही मोठ्या कंपनीशिवाय. १ जानेवारी २०१९ ला त्याच मालिकेच्या एका भागातून एईडब्ल्यू या नव्या कंपनीची घोषणा झाली. फोनवर चित्रित केलेल्या थट्टेने डब्ल्यूडब्ल्यूईला प्रतिस्पर्धी जन्माला घातला म्हणायचं.

'मी या दोघांत कुठे सापडले' अशा चेहऱ्याची रेने यंग २०१८ मध्ये रॉच्या समालोचकांच्या टेबलावर कायमची बसणारी पहिली स्त्री ठरली. बोळातल्या मस्करीत तिने हजरजबाबीपणाचा जो सराव केला तो उपयोगी पडला असणार, हा माझा अंदाज.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. अर्थात एवढं सविस्तर नाही, त्याला दोन मिनिटांच्या वर ऐकवत नाही. त्याऐवजी 'जेबीएल अँड कोल'चे तीन-चार भाग लावून दिले. कोलचा विग बघून तो लोळून हसला. 'मॅगल' दिवसभर म्हणत फिरला, आईलाही म्हणाला.

रॉ अमेरिकेत सोमवारी रात्री होतं, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी पहाट उजाडता उजाडता. त्या मंगळवारी पुढच्या खोलीतून आवाज आला म्हणून डोकावलो. भाचा गोधडी गुंडाळून टीव्हीपुढे उकिडवा बसला होता. आखाड्यात कुणीतरी खुर्ची घेऊन कुणाच्यातरी मागून येत होतं, कोल किंचाळत होता आणि हाही किंचाळला, "मागे बघ, मागे!"

आबा चहाचा कप घेऊन दारात उभे. म्हणाले, "नुरा आहे ना रे?"

"हो आबा, माहितीय मला," तो मान न वळवता म्हणाला. "गप्प बसा ना जरा. मारेल तो त्याला."

आबांनी खुर्ची ओढली आणि बसले.